सोळाशे मीटर, तीन वर्षं

माझं आजवरचं सगळ्यात चांगलं टायमिंग म्हणजे सोळाशे मीटरला ५ मिनिटं १४ सेकंद. तारीख १५ मार्च २०२०, रविवार. ठिकाण आमच्या गावामागचा पाटाचा रस्ता, घड्याळ तात्यांच्या हातात. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून रिटायर झालेले. त्यांनी घड्याळ दोनदा बघितलं, मग मला दाखवलं आणि म्हणाले, "आता हे असंच धरून ठेव भरतीपर्यंत."

दहा दिवसांत लॉकडाऊन लागला. माझी फौजेची भरती आली ती दोन वर्षं आठ महिन्यांनी.

गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे लोक मिलिटरीच लावतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. आमचं गाव तेवढं नामांकित नाही. पण दहावी झालेल्या पोराला आमच्याकडे "पुढं काय करणार?" असं कोणी विचारत नाही. "पळतोस का?" एवढंच विचारतात. मी पळत होतो. सगळे पळायचे म्हणून मीही.

पहिलं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, मी मारलं २०१९ च्या हिवाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या जागेला, महाराष्ट्रातल्या पोराला उंची लागते १६८ सेंटिमीटर. छाती ७७, आणि फुगवल्यावर ती पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. छातीची मला काळजी नव्हती. उंचीची होती, कारण ती सकाळी १६८.५ भरायची आणि संध्याकाळी १६७.५. खोटं वाटेल, पण दिवसभराच्या उठबशीनं मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सेंटिमीटरभर आखूड होतो. रात्रभर आडवं पडलं की परत लांबतो. म्हणून आदल्या संध्याकाळी बाकीची पोरं एसटी स्टँडवर चहा पीत, चेष्टा करत बसली होती आणि मी फलाटाच्या कडेला चादर टाकून मढ्यासारखा पडून होतो. मध्यरात्रीनंतर मैदानाबाहेर रांग लागली. रांगेत उभं राहिलो तर कमावलेली उंची जाणार, म्हणून तिथंही जागा मिळेल तसा मी आडवा होत होतो. मागचा पोरगा शेवटी म्हणाला, "आजारी हायस का भावा? घरी जा की."

गेटवर उंची मोजायला लोखंडी चौकट होती. जवानानं माझे केस तळव्यानं दाबले, टाचांकडे बघितलं आणि पाठीत हलकी थाप मारून पुढे ढकललं. माझ्या पुढचा पोरगा तिथूनच बाहेर गेला होता. बोटभराच्याही आत राहिला असेल. तो काही बोलला नाही. हातातली फाइल छातीशी धरून गर्दीच्या उलट्या दिशेनं चालत गेला.

आत गेल्यावर बॅचला उभं केलं. शे-दोनशे पोरं एका रेषेवर. मी मागे उभा राहिलो, कारण पुढे धक्काबुक्की चालली होती आणि मला वाटलं, चार फेऱ्या आहेत, एकेकाला गाठत जाऊ. हीच चूक. चारशे मीटरच्या मैदानावर दोनशे पोरं सुटली की पहिल्या वळणावर मुंग्यांचा लोंढा होतो. कोपरं लागतात, कुणाच्या तरी टाचेवर आपला पाय पडतो, आणि मागच्याला बाहेरच्या अंगानं जावं लागतं, म्हणजे सोळाशेच्या वर आणखी अंतर पळावं लागतं. दुसऱ्या फेरीअखेर मी बराच मागे होतो. तिसरीत पोटात कळ आली. चौथीत शेवटच्या सरळ पट्ट्यात जीव खाऊन सुटलो, आणि समोर दोन जवानांनी दोरी आडवी धरली.

ज्यांनी भरती बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हाचा हिशेब असा होता: साडेपाच मिनिटांत आलात तर पहिला गट, ६० मार्क. पोरांच्या भाषेत 'एक्सलंट'. ५:३१ ते ५:४५ दुसरा गट, ४८ मार्क. ५:४५ झाले की दोरी. दोरीच्या अलीकडे जो राहिला त्याला कोणी वेळ सांगत नाही, नाव विचारत नाही. दोरी पडली तेव्हा मी सात-आठ पावलांवर होतो, म्हणजे ५:४७ धरा.

घरी आलो तेव्हा आईनं काही विचारलं नाही, ताट वाढलं. तात्या मात्र संध्याकाळी आले, ओट्यावर बसले, आणि त्यांनी मला सगळी पळण्याची गोष्ट रेषेपासून दोरीपर्यंत सांगायला लावली. मग म्हणाले, "तुला पळता येतं. तुला सोळाशे पळता येत नाही."

मी त्याआधी सात महिने एका अॅकॅडमीत काढले होते. तिथं रोज सकाळी एकच काम: पूर्ण सोळाशे, पूर्ण जोरात. बाहेर निवड झालेल्या पोरांचा फ्लेक्स लावलेला, आत दीडशे पोरं आणि एक शिट्टी. रोज जीव तोडून सोळाशे मारलं की टायमिंग आपोआप कमी होतं असा तिथला समज होता. माझं ५:५० ला येऊन जे अडकलं ते चार महिने हललं नाही.

तात्यांना फौजेतलं पळणं माहीत होतं, पण फेऱ्यांचं गणित समजावलं ते आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांनी. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद, भागिले चार, म्हणजे साडेब्याऐंशी सेकंदांची एक फेरी. सरांनी माझ्या चारही फेऱ्या वेगवेगळ्या मोजल्या: ७४, ८५, ९४, ९०. कागद माझ्यासमोर धरला. पहिली फेरी मी गरजेपेक्षा आठ सेकंद लवकर मारत होतो आणि त्याचं व्याज तिसरीत फेडत होतो. तिसरी फेरी हीच खरी भरती. पहिलीत अंगात रग असते, दुसरीत आकडे आठवतात, चौथीत शेवट दिसतो. तिसरीत काहीच नसतं, आणि पोरं तिथंच गळतात.

त्यानंतर आठवड्यातून एकच दिवस पूर्ण सोळाशे. दोन दिवस नुसत्या चारशेच्या फेऱ्या, ऐंशी सेकंदांत एक, मध्ये दोनशे मीटर चालायचं, अशा सहा आणि पुढे आठ. दोन दिवस निवांत पाच-सहा किलोमीटर, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगात. हे निवांत पळणं मला सगळ्यात अवघड गेलं. आपण हळू पळतोय आणि रस्त्यानं जाणारा दूधवाला बघतोय, याची लाज वाटायची. आठवडाभरात एक दिवस पूर्ण सुट्टी. त्याचीही लाज वाटायची.

ऊसतोडीचे दिवस होते. पहाटे साडेचारला पाटाच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे जात असायचे. समोरून दिवे आले की भरावावरून खाली उतरायचं, धूळ बसली की परत वर. खाणं म्हणाल तर काही खास नव्हतं. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, ज्वारीची भाकरी. माझ्यासोबत पळणाऱ्या जोडीदाराच्या घरी म्हैस होती, तिचं दूध मला मिळायचं. हा जोडीदार माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, आणि पळायला माझ्यापेक्षा सरस. हे सहा महिने पुढे महागात पडणार होते.

बीमसाठी गोठ्याशेजारी दोन बल्ल्या पुरून त्यावर जीआय पाइप आडवा बांधला. बीम म्हणजे सरळ हातांनी लटकायचं, झोका न घेता हनुवटी पाइपाच्या वर न्यायची, परत हात पूर्ण सरळ करायचे. सहा मारले तर १६ मार्क, दहा मारले तर ४०. नऊला ३३. म्हणजे दहाव्या एका बीमचे सात मार्क. मी चारवर होतो. ओढून वर जायची ताकद नसेल तर उलटं करायचं: खुर्चीवर चढून हनुवटी वर ठेवायची आणि मनात दहा मोजत हळूहळू खाली यायचं. तळहाताला फोड, फोडावर घट्टा, घट्टा सोलला की त्यावर परत फोड. थंडीत पाइपावर दव असायचं, ते सदऱ्यानं पुसून सुरुवात. जानेवारीत सात झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहा.

मग ते ५:१४. मग लॉकडाऊन.

सुरुवातीला वाटलं, बरं झालं, दोन-तीन महिने जास्त मिळाले. गावामागच्या पाटावर पहाटे कोण बघतंय? आम्ही दोघं पळत राहिलो. पण धावणारा सांगेल तुम्हाला, अंग एका तारखेसाठी तापवता येतं. तारीखच नसेल तर किती तापवायचं? दिवाळीपर्यंत मी ५:२० च्या आसपास ताणून धरलं. दर महिन्याला एक बातमी यायची, भरती लागणार. पोरं परत जोर करायची. मग काहीच नाही. काही ठिकाणी मैदानं झालीही, तर त्यांच्या लेखी परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. ग्राउंड-मेडिकल क्लियर करून बसलेली पोरं आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत होती. त्यांना ना पळता येत होतं ना सोडता.

२०२१ च्या सुरुवातीला अशाच एका बातमीवर मी डांबरी रस्त्यावर रोज पळायला लागलो. पाटाच्या रस्त्यावर चिखल होता म्हणून. डाव्या नडगीला दुखायला लागलं. नडगी सगळ्यांचीच दुखते, म्हणून बाम चोळून पळालो. तीन आठवड्यांनी जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मग त्यांनी अंगठ्यानं नडगी वरून खाली दाबत आणली. एका ठिकाणी मी टेबलावरून उठलोच. "सगळीकडं दुखत असतं तर स्नायू म्हणालो असतो," ते म्हणाले. "बोटाएवढ्या जागेत दुखतंय. हाडाला बारीक चीर जायला लागलीय, एक्स-रेत इतक्यात नाही दिसायची. दीड महिना पळणं बंद." मी विचारलं, बीम मारला तर चालेल का. ते हसले. चालेल म्हणाले, पण खाली उडी मारायची नाही.

दीड महिन्याचे तीन महिने झाले. नंतर पळालो तर ६:०५. त्या पावसाळ्यात मी तात्यांना टाळायला लागलो. साताऱ्यातल्या एका गोडाऊनमध्ये कामाला जाऊ लागलो. एक दिवस घरी आलो तर आईनं बीमच्या पाइपावर लसणाच्या जुड्या वाळत घातल्या होत्या. मी काही बोललो नाही. जागा चांगली होती, वारं लागत होतं.

१४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम, वय साडेसतरा ते एकवीस. चार वर्षांवरून टीव्हीवर जे चाललं होतं ते मी बघितलंच नाही. माझा जन्म फेब्रुवारी २००० चा. म्हणजे बावीस पूर्ण. विषय संपला. दोन दिवस मी म्हातारा होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं मोबाइल नाकासमोर धरला: त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा तेवीस. पुढे नोटिफिकेशन आलं त्यात जन्मतारीख १ ऑक्टोबर १९९९ नंतरची पाहिजे होती. माझा जोडीदार ऑगस्ट १९९९ चा.

तो त्याच संध्याकाळी घरी आला. गोठ्यापाशी गेला, पाइपावरच्या लसणाच्या जुड्या एकेक करून खाली काढल्या, आणि म्हणाला, "चल, मार. किती येत्यात बघू." पाच आले. पुढचे पाच महिने त्यानं मला पळवलं. मी गोडाऊनची दिवसपाळी धरली होती, तो शेतावरून यायचा. चारशेच्या फेऱ्यांना तो माझ्या दोन पावलं पुढे पळायचा, हातात घड्याळ, मागे न बघता आकडे ओरडत. त्याच्या स्वतःच्या पळण्याचं तोवर काहीच प्रयोजन उरलेलं नव्हतं, आणि तो माझ्याहून चांगला पळत होता. यावर आम्ही एकदाही बोललो नाही.

ग्राउंड कोल्हापूरला, नोव्हेंबरात. या वेळी मी उंचीचा विचार केला नाही. करूनही काय, बावीस वर्षांच्या माणसाची उंची जी आहे ती आहे. (तरी स्टँडवर आडवा पडलो होतो, खरं सांगतो.) रेषेवर मात्र घुसून पुढच्या तीन ओळींत उभा राहिलो. शिट्टी झाली तसा पहिले शंभर मीटर जोरात, गर्दीच्या बाहेर पडेपर्यंतच, आणि लगेच पाय आवरले. दीडशे जण पुढे निघून गेल्यासारखे वाटले. पहिल्या फेरीअखेर त्यातले बरेच माघारी यायला लागले. दुसरी फेरी कशी गेली आठवत नाही. तिसऱ्या फेरीत माझ्या पुढे हिरव्या बनियनवाला एक पोरगा होता. त्याच्या पाठीवर घामाचा डाग मोठा होत चालला होता, त्या डागाकडे बघत पळालो. मनात जोडीदाराचा आवाज: "पाय नको बघू, हात हलीव." शेवटच्या वळणावर हिरव्या बनियनला मागे टाकलं. समोर बघतो तर पहिल्या गटाची दोरी आडवी झालेली. ती मला चुकली. पण त्या दोरीपाशी पोरांना बाजूला काढून दुसऱ्या गटात उभं करत होते, त्यात मी होतो. किती सेकंदांनी 'एक्सलंट' हुकलं ते कळलं नाही, आणि कळायचा मार्गही नव्हता. ४८ मार्क.

नऊ फुटी खड्डा सोपा असतो, तो कुणीही ओलांडतो. खरी गंमत झिगझॅग बॅलन्सची. अरुंद, नागमोडी पट्टीवरून न पडता चालायचं, बस. घरी विटांवर केलं तर हसू येतं. पण सोळाशे मारल्यावर मांड्या वाऱ्यावरच्या पानासारख्या लटपटत असतात. आमच्यातला एक जण धावण्यात पहिल्या पाचांत होता, तो दुसऱ्या वळणावर खाली आला. मी हात पसरून, श्वास रोखून, आजीसारखा चाललो.

बीमला आठपर्यंत नीट गेलं. नवव्याला मान पुढे काढली, तर बीमपाशी बसलेल्या हवालदारांनी "हनुवटी" एवढंच म्हटलं आणि तो मोजला नाही. परत लटकलो. नऊ. दहावा कसा आला विचाराल तर सांगता येणार नाही. पाइपाचा गंजका वास आला नाकात, म्हणजे वर पोचलो होतो. ४० मार्क. एकूण ८८.

मेडिकलची पोरांना पळण्यापेक्षा जास्त भीती असते, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं मेहनतीला वाव नाही. चड्डीवर रांगेत उभं करतात. पाय जुळवून गुडघे घासतात का बघतात, ओल्या पायाचा ठसा बघून तळवा सपाट आहे का ठरवतात, हात सरळ करायला लावून कोपराचा कोन बघतात, खोकायला लावतात. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला लावतात. माझ्या शेजारच्याला आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर कळलं की त्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. माझी नडगी मी तयार ठेवली होती, विचारलं तर काय सांगायचं ते पाठ केलं होतं. नडगीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी कानात बॅटरी धरली आणि लिहिलं: दोन्ही कानांत मळ, पडदा दिसत नाही. टेम्पररी अनफिट.

तीन वर्षं पळालो, हाडाला चीर पाडून घेतली, आणि अडकलो कानाच्या मळाला. रिव्ह्यूची तारीख मिळाली. गावी येऊन तीन दिवस सोडा-ग्लिसरीनचे थेंब घातले, मग कानाच्या डॉक्टरांकडे पिचकारी मारून घेतली. ट्रेमध्ये जे पडलं ते बघून तात्या म्हणाले, "म्हणूनच तुला माझं ऐकू येत नव्हतं व्हय." मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू पाच मिनिटांत झाला. फिट.

१५ जानेवारी २०२३ ला लेखी परीक्षा झाली. पेपर मला बरा गेला होता. यादी लागली तेव्हा मी आणि बहिणीनं माझा नंबर दोनदा शोधला, मग जोडीदारानं एकदा. नव्हता. साठ मार्कांत धावलो असतो तर बारा मार्क जास्त असते, एवढं गणित मी केलं. पुढचं केलं नाही. पुढच्या वर्षापासून ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला, वय परत एकवीसवर आलं. त्यात माझा संबंध उरला नव्हता.

आता मी साताऱ्यातच त्या गोडाऊनचा हिशेब बघतो. पहाटे साडेचारला जाग अजून येते. गेल्या वर्षी चुलतभाऊ पळायला लागला, त्याचं घड्याळ माझ्याकडे असतं. परवा त्यानं ५:४७ मारले. नेमके ५:४७. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बसतंय की दादा. आता ६:१५ पर्यंत घेत्यात. ५:४६ ते ६:०० ला ३६ मार्क हायत." २०२५ च्या भरतीपासून दोन गट वाढवलेत, हे मलाही माहीत होतं. त्यानं माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, आकडा परत एकदा बघितला, खूश झाला.

मी त्याला दोनशे मीटर चालायला सांगितलं आणि घड्याळ शून्यावर आणलं. चारशेच्या अजून तीन फेऱ्या बाकी होत्या.